दोन चेंडू घेऊन आलेला माणूस

ह्यांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते पाठमोरं. लग्न झालं बेचाळीसच्या उन्हाळ्यात. मांडवात मान वर करायची सोय नव्हती, आणि हळद उतरायच्या आत रजा संपली म्हणून हे पलटणीत परत गेले. मधे एकदा रजेवर आले तेव्हा मी नेमकी सांगलीला माहेरी, आईच्या आजारपणात. त्यामुळं लढाई संपून हे कायमचे घरी आले तेव्हा आम्ही दोघं एकमेकांना जवळजवळ परकेच होतो. सेहेचाळीसची दिवाळी होऊन गेली होती. शाळू गुडघ्याला लागला होता. हे आले, अंगणात ट्रंक ठेवली, आईच्या पाया पडले, तांब्याभर पाणी प्यायले आणि मळ्याकडं निघून गेले. मी चुलीपुढून उठून दारात येईपर्यंत गल्लीच्या वळणावर पोचले होते. रुंद पाठ, खाकी सदरा, आणि चालणं असं, की मागून कुणी हाक मारील म्हणून घाईनं निघालेल्या माणसाचं असावं.

पुढचे कित्येक दिवस असंच चाललं. भाकरी खाताना अर्ध्यात उठायचे, दारात जाऊन यायचे. कुणी पाहुणा आला की खांबाला टेकून उभे राहायचे, आणि पाहुण्याचा चहा संपायच्या आत नाहीसे व्हायचे. पहाटे उठून नदीपर्यंत पळत जायचे आणि पळतच परत यायचे. गावात कामाशिवाय कोण पळतं? बायका पाणवठ्यावर मला विचारायच्या, ‘तुझ्या मालकाच्या मागं कोण लागलंय गं?’ मी हसून वेळ मारून नेत असे. पण मलाही तेच विचारावंसं वाटत होतं.

त्यांचं नाक वाकडं झालं होतं. डावा कान चुरगळून जाड झाला होता, तळलेल्या कुरडईसारखा. लग्नात असं काही नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं तेव्हा ह्यांनी सरळ सांगितलं, की खेळताना लागलं. सासूबाईंना ते पटलं नाही. त्यांनी शेजारणीला सांगितलं, की पोरगं आईला घाबरवायला नको म्हणून लपवतंय. आठवड्याभरात गावाच्या बोलण्यात ह्यांच्या कानाजवळून गोळी गेली होती आणि नाकावर बंदुकीचा दस्ता बसला होता. लोक बघायला येऊ लागले. म्हातारी माणसं ह्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवायची. हे तोंड सोडवून घ्यायचे आणि बाहेर पडायचे.

माझे सासरे पहिल्या लढाईतले. बसऱ्याला त्यांच्या मांडीत गोळी घुसली होती, तेव्हापासून एक पाय ओढत चालायचे. आमच्या कोरेगावच्या बाजूला अशी माणसं गावोगाव होती. चावडीच्या कट्ट्यावर त्यांची एक रांगच असे. मधल्या वर्षांत ह्या रांगेची पंचाईत झाली होती. गावातली तरणी पोरं सरकारच्या विरोधात रानात लपलेली, आणि आपली पोरं सरकारच्याच फौजेत. तेव्हा सासरे खाली मान घालून चावडीवरून जायचे. आता लढाई जिंकून पोरगा आला होता, त्याच्या तोंडावर खूण होती, आणि म्हाताऱ्याची मान पुन्हा वर झाली होती. ते कट्ट्यावर बसून सांगायचे, आमच्या पोरानं लढाई बघितली. हे ऐकलं की ह्यांचा चेहरा असा व्हायचा, जसं कुणी ओला सदरा अंगात घालायला लावतंय.

मला वाटायचं, ह्यांना मी नको आहे. दुसरं काय वाटणार? सातवीपर्यंत शिकलेली, सांगलीच्या बाजारपेठेत वाढलेली. माझे वडील तिथं हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. गावची कामं मला जमत होती, पण गाव अजून माझं झालं नव्हतं. दुपारी सगळे आडवे झाले की मीही उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरायची. भांडी घासलेली परत घासायची. एका घरात दोन माणसं अशी घिरट्या घालत होती आणि एकमेकांच्या वाटेत येत नव्हती.

ट्रंक मीच उघडली. कपडे उन्हात टाकायचे होते. कपड्यांच्या खाली दोन चेंडू होते, हवा काढून चेपलेले. दोन्ही चामड्याचे, एका बाजूला बुटासारखी वादी ओवलेली. हे आले तेव्हा मी ते हातात घेऊन बसले होते. मला वाटलं रागावतील. पण ते खाली बसले. माझ्यासमोर, पहिल्यांदाच. एकेक चेंडू घेऊन तोंडानं हवा भरली. एक गोल झाला, कलिंगडाएवढा. दुसरा भरता भरता लांबुळका झाला, दोन्ही टोकांना निमुळता. मला हसू आलं. मी म्हटलं, ‘ह्यो बिघडलाय.’

‘बिघडलेला न्हाई, असाच असतो त्यो,’ हे म्हणाले. ‘भुईवर आपटला की कुठनं कुठं उसळंल, कुणालाच सांगता येत न्हाई.’

मग थोडं थोडं सांगू लागले. लांबुळक्या चेंडूचा खेळ साहेब लोकांचा, रग्बी. एका बाजूला पंधरा माणसं. चेंडू काखेत धरून पळायचं आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला कंबरेला, मांडीला मिठी घालून पाडायचं. चेंडू हातानं द्यायचा तो मागच्यालाच, पुढं फेकायचा नाही. छावणीतल्या साहेबांना दुसऱ्या एका गोऱ्या पलटणीशी सामना खेळायचा होता आणि माणसं कमी पडत होती. त्यांनी तालमीतनं आलेली तीन-चार दांडगी पोरं निवडली. हे त्यातले एक. पहिल्या दिवशी ह्यांना खेळ कळलाच नाही. फक्त, ज्याच्याकडं चेंडू आहे त्याला पाडायचं, एवढं कळलं, आणि तेवढं पुरलं. नाक त्यातच मोडलं. कान वर्षभर घासून घासून असा झाला.

गोल चेंडूचा खेळ संध्याकाळचा, बास्केटबॉल. तो कवायतीच्या उस्तादानं शिकवला. खांबावर उंच फळी, फळीला कडं, कड्यातून चेंडू टाकायचा. ह्यात मात्र माणसाला धक्का लावायचा नाही. धरलं की शिट्टी. सकाळी माणूस पाडायचा आणि संध्याकाळी त्याच माणसाजवळून अंग चोरून जायचं. हे म्हणाले, पहिले दोन महिने शिट्टी फक्त माझ्याच नावानं वाजायची.

एवढं सांगितलं आणि मी विचारलं, ‘मग लढाईवर कवा गेला?’

हे उठले आणि बाहेर गेले.

त्याच आठवड्यात त्यांनी जुन्या मोटेच्या तोंडाचं लोखंडी कडं काढून खळ्याकडेच्या कडुलिंबाला उंच ठोकलं. तिन्हीसांजेपर्यंत एकटेच चेंडू टाकत राहायचे. गाव बघायला जमायचं. सासऱ्यांनी एकदा येऊन बघितलं, काठी आपटली आणि म्हणाले, की मोटेचं कडं झाडावर बघायला आम्ही अजून जिवंत कसे राहिलो. पण त्याहून जास्त बोलले नाहीत. लढाई बघून आलेल्या माणसाचं डोकं काही दिवस ठिकाणावर नसतं, हे त्यांनी स्वतः भोगलेलं होतं. त्यांनी त्याचंही खापर लढाईवरच फोडलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक विधवा बाई राहायची. सगळे तिला काकी म्हणायचे. तिचा एकुलता मुलगा आणि हे लहानपणापासून एका ताटात जेवलेले, एकाच तालमीत घुमलेले, आणि एकाच दिवशी साताऱ्याला जाऊन भरती झालेले. तो ब्रह्मदेशाच्या लढाईत गेला. सरकारचा कागद आला, पेन्शन सुरू झालं, पण तो कसा गेला, कुठं गेला, हे सांगणारं कुणी आलं नाही. म्हणून काकी ह्यांची वाट बघत होती. हे आले त्या दिवसापासून मला पाण्याला जाता-येता थांबवायची.

‘त्याला पाठीव की गं. माझ्या लेकाचं कायतरी सांगंल.’

मी निरोप द्यायची. हे हो म्हणायचे आणि जायचे नाहीत. तिच्या दारावरून जावं लागू नये म्हणून मळ्याला जाताना ओढ्याच्या बाजूनं वळसा घालायचे. मला त्याचा राग आला. एवढा धडधाकट माणूस, एका म्हातारीला तोंड देत नाही. राग आला आणि भीतीही वाटली. वाटलं, ह्यांच्या हातून तिकडं काहीतरी घडलं असावं.

संक्रांतीला मला माहेरी न्यायला कुणी आलं नाही, तर हेच म्हणाले, चल, मी सोडतो. मला कळत होतं की त्यांना गाव सोडायला निमित्त हवं आहे. पाटलांनी यात्रेत लढाईवरून आलेल्यांना फेटे बांधायचं ठरवलं होतं. बाप-लेकाला एकदम फेटा आणि काकीला लुगडं-चोळी. सासरे त्या दिवसासाठी आपलं लढाईचं पदक चिंचेनं घासत होते. कोरेगावच्या स्टेशनात आम्ही गाडीत बसलो. म्हणजे मी बसले. हे सांगलीपर्यंत दारात उभे होते. प्रत्येक स्टेशनला खाली उतरायचे, गाडी हलली की चढायचे, आणि दर वेळी मला वाटायचं की आता चढणार नाहीत.

सांगलीत दुसऱ्याच दिवशी वडील दुकानातून आले ते जरा गोंधळलेले. म्हणाले, जावईबापू शाळेच्या पटांगणात पोरांबरोबर चेंडू खेळतायत, लोक जमलेत. आईनं माझ्याकडं पाहिलं. आम्ही गणपतीच्या दर्शनाला म्हणून निघालो आणि शाळेच्या कुंपणाशी थांबलो.

धोतराचा काचा मारलेला, पाय अनवाणी, सदरा घामानं अंगाला चिकटलेला. मॅट्रिकची आणि कॉलेजातली पोरं त्यांच्या खांद्याला लागत होती. एका पोराकडं चेंडू गेला आणि हे त्याच्यावर असे धावून गेले की आईनं माझा हात घट्ट धरला. पोरगं दोन कोलांट्या खाऊन पडलं. शिट्टी झाली. ह्यांनी दोन्ही हात वर केले, त्याला उठवलं, पाठीवरची माती झटकली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. पोरं हसत होती, शिट्टीवाले मास्तरही हसू दाबत होते. मग एकदा मधोमध चेंडू ह्यांच्या हातात आला. समोर तिघं होते. हे एकालाही न शिवता त्यांच्यामधून गेले. एवढं मोठं अंग आणि पदर लागावा तेवढाही स्पर्श नाही. उडी मारली, बोटांवरून चेंडू सोडला. तो कड्यातून खाली पडेपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. कपाळावर एक आठी नव्हती. चार वर्षं ज्याच्या नावाचं कुंकू लावलं तो माणूस मला तिथं कुंपणावरून दिसला. आई म्हणाली, ‘चल आता, लोक बघतायत.’ माझे पाय निघेनात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कृष्णेवर गेलो. घाटावर धुणी वाळत होती. हे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायचे, परत चढायचे. मी मधल्या पायरीवर बसले होते. अशाच एका फेरीत माझ्याजवळ थांबून त्यांनी सांगितलं.

ब्रह्मदेशाला पाठवायच्या माणसांची नावं निघाली होती. त्यात दोघांचीही होती, ह्यांचं आणि काकीच्या मुलाचं. दोघांनी सामान बांधलं. निघायच्या आदल्या सकाळी कॅप्टनसाहेबानं ह्यांना बोलावलं. पुढच्या आठवड्यात सामना होता. साहेब म्हणाला, ह्याला मी सोडत नाही, आणि ह्यांच्यादेखत नावावर रेघ ओढली. मित्र गेला. हे सामना खेळले. जिंकले. पुढच्या वेळी नावं निघाली तेव्हा बास्केटबॉलचे सामने होते. पुन्हा रेघ. असं होत होत लढाई संपली. छावणीच्या बाहेर हे कधी गेलेच नाहीत. चांदमारीच्या फळीशिवाय कशावर गोळी झाडली नव्हती.

‘काकीला एवढंच सांगायचं,’ मी म्हणाले.

‘काय सांगू? तुझा लेक पडला तवा मी चेंडू खेळत हुतो म्हणू?’

खरं तर मला बरं वाटलं होतं. ह्यांच्या हातून काही वावगं घडलं नाही, आणि ते जिवंत माझ्यासमोर उभे होते, एवढंच मला दिसत होतं. त्या साहेबाला कुठं तरी हात जोडावेत असंही मनात आलं. पण त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून मी ते बोलले नाही. पुढंही कधी बोलले नाही.

गावी परतलो तो शाळूची कणसं भरत आली होती. यात्रा तोंडावर. एका सकाळी काकी स्वतःच आमच्या अंगणात आली. हे गोठ्यात होते, निघून जायला वाट नव्हती, कारण ती दारातच बसली. सासरे ओट्यावर पेपर वाचत होते. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी पाणी आणून दिलं. काकीनं ते घेतलं नाही.

‘मी काय तुला खायाला उठलेय व्हय रं? एवढं तोंड चुकवायला?’

हे गोठ्यातनं बाहेर आले आणि तिच्यासमोर उभे राहिले. आणि सांगून टाकलं. घाटावर मला सांगितलं त्याहून थोडक्यात. नाव होतं, साहेबानं खोडलं, खेळायला ठेवून घेतलं, तो गेला, मी गेलो नाही. मला त्याचं काही ठाऊक नाही. माझं नाक लढाईत मोडलेलं नाही.

सासूबाईंचा हात सुपात तसाच राहिला. सासऱ्यांनी पेपर खाली केला नाही, पण तो हलायचा थांबला.

मला वाटलं काकी आता शिव्या देईल, नाही तर रडेल. तिनं पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाली, ‘म्हंजी त्यानं शेवटाला काय खाल्लं, कुणाला हाक मारली, तुला कायच ठावं न्हाई.’

‘न्हाई काकी.’

‘आन् मी येडी दिवाळीपास्नं वाट बघतीय. तुझ्याकडं कायतरी हाय म्हणून.’

तिला त्याचाच राग होता. हे जगले ह्याचा नव्हता, साहेबानं रेघ ओढली ह्याचाही नव्हता. ह्यांच्याकडं काही नाही आणि तसं सांगायलाही ह्यांनी एवढे महिने लावले, ह्याचा होता. ती तसं स्पष्ट बोलली. हे मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांचे पाय एकसारखे हलत होते, बैल दावणीला हलवतो तसे, पण ते जागेवरून गेले नाहीत.

मग तिनं विचारलं, की निदान जोवर बरोबर होता तोवरचं तरी सांग. आणि हे सांगू लागले. तो खेळत नसे, पण एकही सामना चुकवत नसे. मैदानाच्या कडेला ह्यांचे कपडे काखेत घेऊन उभा राहायचा आणि आपल्या गावच्या बोलीत ओरडायचा. गोऱ्यांना काही कळायचं नाही. ‘धर रं, पाड त्येला, सोडू नगंस’ असं ओरडत कडेकडेनं पळायचा. पुढं पुढं साहेब लोकच एकमेकांना ‘पाड त्येला’ म्हणायला लागले. त्याच्यासाठी म्हणून एकदा त्यांनी डबाबंद दूध दिलं होतं, ते दोघांनी भाकरीशी खाल्लं. स्टेशनवर निघताना त्यानं ह्यांच्या कानाला चिमटा काढला आणि म्हणाला, ह्यो दुसरा तरी शाबूत ठेव.

काकी पदर तोंडाला लावून ऐकत होती. हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. मग म्हणाली, ‘कसला खेळ हुता त्यो, दाव मला.’

हे म्हणाले, एकट्यानं कसा दाखवू, पंधरा माणसं लागतात. ती म्हणाली, जेवढा येईल तेवढा दाव.

मीच आत जाऊन लांबुळका चेंडू आणला. आम्ही सगळी घरामागच्या खळ्यावर गेलो. हे एका टोकाला जाऊन उभे राहिले, चेंडू काखेत धरला आणि पळाले. समोर कुणी नव्हतं. तरी कुणीतरी आहे असं समजून वाकले, खांदा दिला, वळले, चेंडू मागं फेकला, परत उचलला, पुन्हा पळाले. शेवटी हवेतल्या कुणाच्या तरी मांड्यांना मिठी घालून दाणकन भुईवर पडले. धूळ उडाली. उठले आणि पुन्हा तसंच. मी एवढ्या मोठ्या माणसाला असं एकट्यानं पडताना कधी पाहिलं नव्हतं. गल्लीतली चार माणसं जमली होती, पण कुणी हसलं नाही. काकी खळ्याच्या कडेला उभी होती, जिथं तिचा मुलगा उभा राहिला असता तिथं, असं मला वाटलं. ती ओरडली वगैरे काही नाही. बघून झाल्यावर म्हणाली, ‘बास आता, लागंल तुला,’ आणि घरी गेली.

संध्याकाळपर्यंत गावाला सगळं कळलं. गाव काही वाईट बोललं नाही, पण पुन्हा कुणी ह्यांची हनुवटी धरायला आलं नाही. पोरं मात्र कानाकडं बोट दाखवून हसायची. सासऱ्यांनी ह्यांच्याशी बोलणं सोडलं. भांडण नाही, आवाज नाही. ह्यांच्या ताटाशेजारी त्यांचं ताट वाढलं की ते उचलून ओट्यावर नेऊन जेवायचे. यात्रेत पाटलांचा माणूस बोलवायला आला तेव्हा अंग मोडून आलंय म्हणाले आणि स्वतःचाही फेटा घ्यायला गेले नाहीत. घासलेलं पदक परत डबीत गेलं. सासूबाई दोघांच्या मधे बसून नुसत्या उसासे टाकायच्या.

अशा घरात ह्यांचं मन आणखी सैरभैर झालं. पहाटे पळायला गेलेले ऊन चढल्यावर यायचे. एकदा म्हसवडच्या बाजूला बैल बघायला म्हणून गेले ते तीन दिवस आले नाहीत, आणि बैल न घेताच परतले. मी विचारलं, कुठं होता? म्हणाले, चालत होतो. त्या दिवशी मीच तोंड उघडलं. म्हटलं, ‘आवं, तुमच्यानं हितं राहवणार न्हाई आन् माझ्यानंबी. सांगलीला जाऊ.’ सून म्हणून मी असं बोलायला नको होतं. पण मलाही त्या घरात आता श्वास पुरत नव्हता. वडिलांनी शाळेच्या मास्तरांकडं शब्द टाकला. त्या मास्तरांना तो धोतरातला खेळाडू आठवत होता. शाळेला ड्रिल घेणारा माणूस हवा होता. सत्तेचाळीसच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हे पांढरा सदरा आणि खाकी हाफपँट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून पटांगणात उभे होते.

रग्बी तिथं कुणाला ठाऊक नव्हती. ह्यांनी एकदा मोठ्या वर्गाला शिकवायचा प्रयत्न केला. दोन सदरे फाटले, एका वकिलांच्या मुलाचा दात हलला, आणि हेडमास्तरांनी हात जोडून सांगितलं की गुरुजी, एवढं सोडून काहीही शिकवा. साहेब लोक त्या ऑगस्टनंतर देश सोडून निघाले, त्यांच्याबरोबर तो खेळही गेल्यासारखाच झाला. ह्यांना त्याची चुटपुट लागून राहिली. रस्त्यानं जाताना मधेच खांदा वाकवून एखाद्या बैलगाडीला वळसा घालायचे. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. बास्केटबॉल मात्र रुजला. पोरं तयार झाली. दुसऱ्या गावच्या शाळांशी सामने होऊ लागले. हे स्वतः खेळू शकत नव्हते, मास्तर होते ना. सामना संपेपर्यंत रेषेच्या कडेनं एवढ्या येरझाऱ्या घालायचे की तिथलं गवत गेलं होतं.

शाळूच्या काढणीला मात्र दर साल गावी जायचे. आमच्या नाही, काकीच्या रानात. तिचं रान वाट्यानं दिलेलं होतं, तरी हे जाऊन कणसं खुडायला लागायचे. काकी त्यांच्या कामावर खूश नव्हती, शाळूची ताटं तुडवतो म्हणायची. दुपारी बांधावर भाकरी खाताना मात्र ती त्यांना सामन्यांचं सांगायला लावायची. दोन-तीन वर्षांत असं झालं, की ती ते दुसऱ्यांना सांगू लागली, आणि तिच्या सांगण्यात तिचा मुलगा कडेला उभा नसायचा, मैदानात असायचा. काखेत चेंडू धरून गोऱ्यांमधून पळायचा. हे शेजारी बसलेले असायचे. मी एकदा ह्यांच्याकडं पाहिलं. ते भाकरी मोडत होते. म्हणाले, ‘पळायला लय चांगला हुता त्यो.’

सासरे सांगलीला आले ते एकोणपन्नासच्या हिवाळ्यात, डोळे दाखवायला. माझ्याशी बोलायचे, मुलाशी नाही. मिरजेला डॉक्टरांकडं न्यायचे-आणायचे हेच, पण टांग्यात दोघं दोन दिशांना तोंड करून बसायचे. ज्या संध्याकाळी ते मिरजेहून रात्रीच्या गाडीनं गावी परतणार होते, त्याच संध्याकाळी शाळेत सामना होता. मी म्हटलं, मामंजी, येता का? त्यांना नीट दिसत नव्हतं. तरी काठी घेऊन आले. मी त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसले. त्यांनी सामना कसा पाहिला कुणास ठाऊक. पोरांच्या पायांचा आवाज ऐकत होते, आणि रेषेच्या कडेनं फिरणारी एक मोठी आकृती त्यांना दिसत असावी, कारण त्यांची मान तिच्याबरोबर इकडून तिकडं वळत होती.

सामना संपल्यावर हे घाम पुसत आमच्याजवळ आले. सासरे वर न बघता बोलले. तीन वर्षांत मुलाशी पहिल्यांदा.

‘साहेबानं नाव खोडलं, तवा तू काय बोललास?’

‘काय न्हाई. सलाम ठोकला. हुकूम हुता.’

‘हुकूम हुता.’

‘व्हय आबा.’

सासरे काठीवर दोन्ही हात ठेवून बसले. मग म्हणाले, की बसऱ्याला त्यांनाही एकदा हुकूम झाला होता, खेचरांपाशी मागं थांबायचा. पुढं गेलेल्यांपैकी फार थोडे परत आले. त्यांच्या मांडीत गोळी घुसली ती त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, पाणी आणायला गेले तेव्हा. खेचरांची गोष्ट त्यांनी चावडीवर कधी सांगितली नव्हती. घरातही नाही. सासूबाईंनासुद्धा ती ठाऊक नव्हती, हे मला मागाहून कळलं.

पोरं घरी जायला निघाली होती, एकजण खांबाजवळ सायकल घेऊन ह्यांची वाट बघत होता. सासऱ्यांनी उठायला हात पुढं केला. मी उठत होते, पण तो हात माझ्याकडं नव्हता. ह्यांनी तो धरला. दोघं फाटकाकडं चालू लागले. एकजण पाय ओढत आणि दुसरा, ज्याला सावकाश चालणं कधीच जमलं नाही, तो दर चार पावलांना पुढं जाऊन थांबत. मी मागून खुर्च्या आवरत होते. टांगेवाला ओरडत होता, की मिरजेच्या गाडीची वेळ होत आली, येताय की जाऊ.